पोटातला संगणक

माझे हे शिलाई यंत्रं दुरुस्त करायचे, त्यामुळे त्यांना जगात दोनच अवस्था ठाऊक होत्या: चालू आणि बंद. मला ताप आला की ते कपाळाला हात लावायचे नाहीत, आधी पंख्याला तेल घालायचे, कारण पंख्याची कुरकुर मला सहन होत नाही हे त्यांना माहीत होतं. प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. पण ते यायचं ते हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊनच. मुलगाही बापाच्याच वळणावर गेला. घड्याळापासून इस्त्रीपर्यंत घरातली एकही वस्तू त्याच्या तावडीतून सुटली नाही, म्हणून ह्यांनी त्याचं नाव खटपट्या ठेवलं आणि शाळेतलं नाव शाळेपुरतंच राहिलं.

हे गेले. खटपट्या शिकला, नोकरीसाठी दुसऱ्या देशात गेला, तिथेच लग्न करून राहिला. मागे उरले मी, एक भरतकामाचं यंत्र आणि एक संगणक.

माझं काम लोकांना सांगितलं तरी कळत नाही. कोणी टोपीवर, शर्टावर, टॉवेलवर काढायचं चित्र आणून देतं. ते चित्र मी संगणकावर टाक्यांत बसवते. कुठला टाका कुठे, कुठल्या दिशेने, कुठला रंग आधी, सुई कुठे थांबणार, दोरा कुठे कापला जाणार, हे सगळं मी ठरवते. मग ती फाइल पेन ड्राइव्हवर घालून यंत्राला द्यायची, की ते आपलं खडखड करत शिवत बसतं. लोक येऊन यंत्राचं कौतुक करून जातात. मी म्हणते, करा बापडे.

हा टाक्यांचा प्रोग्राम जुना आहे आणि जुन्या विंडोजवरच चालतो. त्याच्याबरोबर एक डोंगल येतं, करंगळीएवढं. ते संगणकात खोचलं तर प्रोग्राम पूर्ण चालतो. नाही खोचलं तर उघडतो, टाके घालू देतो, पण काही म्हणता काही सेव्ह करू देत नाही. एकदा माझा जुना संगणक असा काही बसला की पुन्हा उठलाच नाही. दुकानदार म्हणाला, आता ही विंडोज नव्या संगणकावर चढत नाही, प्रोग्राम नवा घ्या. नव्या प्रोग्रामची चित्रं बघूनच माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. सगळी बटणं इकडची तिकडे.

खटपट्या नेमका तेव्हा सुट्टीवर आला होता. त्याने नवा लॅपटॉप आणला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं, मग जुन्या संगणकाची हार्ड डिस्क काढून तिच्यात जे काही होतं ते जसंच्या तसं नव्यात नेऊन ठेवलं. दोन दिवस जेवायच्या ताटावरही त्याच्या हातात केबल होती.

"हे बघ आई," तो म्हणाला. "हा बाहेरचा संगणक. याच्या पोटात तुझा जुना संगणक ठेवलाय. या चिन्हावर दाबलं की तो चालू होतो."

दाबलं. पडद्यावर एक चौकट उघडली आणि तिच्यात माझी जुनी विंडोज डोळे चोळत उठली. सगळं जागच्या जागी. माझ्या जुन्या पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात काळा डाग पडला होता, म्हणून मी सगळी चिन्हं खाली उजवीकडे गोळा करून ठेवली होती. नव्या पडद्याला डाग नाही, पण चिन्हं अजून तिथेच, अंग चोरून बसलेली.

"याला कळतं का, की तो दुसऱ्याच्या पोटात आहे?" मी विचारलं.

"नाही. त्याला वाटतं आपण खराखुरा संगणक आहोत."

"मग कोणी सांगायचं नाही का त्याला?"

"कशाला? चालतंय ना नीट?" तो म्हणाला. अगदी बापाचा आवाज.

तो परत गेला आणि थोड्याच दिवसांनी डोंगल दिसेनासं झालं. म्हणजे खोचलेलं होतं, पण आतल्या विंडोजला दिसेना. मी फोन केला. तो म्हणाला, थांब, मी तिकडून जोडतो. मग माझ्या पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला.

मी हात मांडीवर ठेवून बघत बसले. बाण वरच्या पट्टीकडे गेला, थबकला, मागे आला, एक यादी उघडली, मिटली. खटपट्या लहानपणी बोलायच्या आधी असाच मान हलवायचा, एकदा इकडे, एकदा तिकडे. ती चाल मी ओळखली. फोनवर तो सांगत होता, "डोंगल एका वेळी एकाच संगणकाला दिसतं. बाहेरच्याने पकडलं की आतल्याला मिळत नाही. इथे, डिव्हायसेसमध्ये जाऊन बरोबरची खूण करायची, की ते आत जातं." पाठीमागून सूनबाईचा आवाज आला, "आईंना नमस्कार सांग." भांडी वाजली. माझ्या खोलीत, माझ्या टेबलावर, माझा मुलगा आला होता आणि काहीतरी दुरुस्त करत होता. काम झालं, बाण थांबला, आणि मला इतकं एकटं वाटलं की मी उठून उगाच खिडकी उघडली, मग लावली.

खूण कुठे करायची ते मला पहिल्याच वेळी पाठ झालं होतं. पुढच्या रविवारी मी ती खूण स्वतः काढून टाकली आणि त्याला फोन केला.

"आई, परत?"

"परत. काय करू?"

हे मग चालूच राहिलं. कधी डोंगल हरवायचं, कधी प्रोग्रामचं चिन्ह नाहीसं व्हायचं, कधी आतल्या विंडोजचा पडदा उलटा व्हायचा. ते उलटं करण्याचं बटण शोधायला मला फार मेहनत पडली, आणि सापडलं तेव्हा मी खुर्चीत बसून एकटीच हसले. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. लोक लेकरांना बोलवायला छातीत दुखतंय म्हणून सांगतात. मी निदान खरा बिघाड करून ठेवत होते.

तो यायचा. चिडायचा नाही. बाण आधी दोन-चार भलत्याच ठिकाणी फिरून यायचा आणि मग नेमक्या जागी जायचा. आम्ही बोलायचो ते सगळं डोंगलबद्दल. मधे मी विचारायची, "तिकडे थंडी आहे का?" तो म्हणायचा, "आहे. आता बघ, दिसतंय का?" मी म्हणायची, "दिसतंय." की झालं.

आणि मग एका रविवारी मी नेहमीसारखं डोंगल हरवलं, त्याने जोडलं, पण बाण भलतीकडे फिरला नाही. सरळ गेला, भराभर काहीतरी उघडलं, मिटलं. खटपट्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा होता.

"आई, मी आता एक सेटिंग करून टाकलंय. आतली विंडोज बंद केलीस की आत जे काही उलटंपालटं झालं असेल ते पुसलं जाणार. पुन्हा चालू केलीस की आज आहे तशीच उठणार. दर वेळी. खूणसुद्धा आपोआप होणार. आता काहीही बिघडणार नाही."

"काहीही?"

"काहीही. तुला फोनच करायला लागणार नाही. आणि हे बघ, तुझ्या फाइल मात्र या 'बाहेर' नावाच्या फोल्डरमध्ये..."

त्यापुढचं मी ऐकलं नाही. तुला फोनच करायला लागणार नाही, इथेच माझे कान बंद झाले. हो हो म्हणाले, फोन ठेवला. पोटच्या पोराने इतक्या सफाईने तोंडावर दार लावलं, आणि वर त्याला सोय म्हणतो.

मी हार मानणारी नव्हे. प्रोग्रामचं चिन्ह पुसलं. सकाळी चालू केलं तर चिन्ह हजर. पडदा उलटा केला, सकाळी सुलटा. अक्षरं इतकी मोठी केली की चौकटीत चारच मावली. सकाळी पुन्हा आपली गुणी बाळासारखी. शेवटी मी भाषाच बदलून टाकली, अशी की मलाच परत फिरायची वाट दिसेना. बंद करून चालू केली, की पुन्हा जैसे थे. इतकी सहनशील वस्तू मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी तिच्यावर ओरडलेसुद्धा, "अगं, काहीतरी मनाला लावून घे!" शेजारीण जिन्यात होती. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "कोण पाहुणे आलेत का?"

रविवार येत गेले आणि जात गेले. त्याचा फोन नाही. काही कारण नसताना फोन करायची रीत आमच्यात नव्हती. करून म्हणायचं काय? सगळं चालू आहे? मग फोन कशाला केला? मी दोन-तीनदा नंबर काढला आणि बिघाड सापडेना म्हणून ठेवून दिला. माझ्या खोलीत सगळं व्यवस्थित चाललं होतं आणि मला रडू येत होतं.

अशात टोपीवाला आला. खेळाच्या संघांना टोप्या पुरवणारं हे माझं जुनं गिऱ्हाईक. त्याला टोपीवर खंड्या पक्षी हवा होता, पाण्यात सूर मारतानाचा. "पिसं अशी दिसली पाहिजेत की हात लावावासा वाटला पाहिजे," तो म्हणाला. मला जोर चढला. कितीतरी दिवसांनी मी खाणंपिणं विसरून बसले. टोपीचा कपाळाचा भाग वाकडा असतो, तिथे मधून बाहेर शिवत जावं लागतं, नाहीतर कापड सरकतं. निळ्याच्या चार छटा, एकावर एक, प्रत्येक पिसाला वेगळी दिशा. रोज काम अर्धं सोडून उठायची तेव्हा संगणकाचं झाकण नुसतं मिटायची. उघडलं की पक्षी होता तिथेच. पूर्ण झाला त्या संध्याकाळी मी फाइल आतल्या पडद्यावर सेव्ह केली, सगळ्यांच्या वर, काळ्या डागाच्या जागी. आणि समाधानाने आतली विंडोज रीतसर बंद केली.

सकाळी पक्षी नव्हता.

इतके दिवस किरकोळ कामं मी लगेच पेन ड्राइव्हवर घेऊन शिवून टाकायची, त्यामुळे काही अडलं नव्हतं. मी केलेले बिघाड सकाळी धुऊन निघतात हे मी रोज बघत होते. त्याबरोबर केलेलं कामही धुऊन निघणार, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पक्षी गेल्याचं वाईट वाटलं आणि खरं सांगते, मागोमाग आनंदही झाला. खराखुरा बिघाड होता. रविवारची वाट न बघता मी फोन लावला.

बराच वेळ वाजला. मग त्याने उचलला.

"काय झालं?"

"खंड्या गेला," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

त्याने जोडलं. बाण आला. पण आता त्याच्यात जीव नव्हता, एकेका फोल्डरशी जाऊन उभा राहत होता. "नाही गं आई. हे पुसलेलं परत येत नाही. म्हणूनच सांगितलं होतं, 'बाहेर' फोल्डरमध्ये ठेव."

"तू आत्ता घरी कसा? कामाचा दिवस आहे ना?"

"आहे घरी. थांब, मी माझा पडदा तुला दाखवतो. फोल्डर कुठला, कसा, सगळं एकदा नीट बघून घे." मी पुढे काही बोलायच्या आत माझ्या पडद्यावर त्याचा पडदा उघडला. त्याला त्यातली एकच चौकट दाखवायची होती. घाईत त्याने अख्खा पडदाच उघडा केला.

पडद्याच्या एका बाजूला माझी विंडोज होती.

आधी मला वाटलं माझीच परत दिसतेय. चिन्हं खाली उजवीकडे, अंग चोरून बसलेली. जगात अशी चिन्हं ठेवणारी मी एकटी. पण माझ्याकडे प्रोग्राम कोरा होता, आणि तिथे, त्याच प्रोग्राममध्ये, झाडाचं एक पान काढलेलं होतं. हिरव्या टाक्यांचं, ओबडधोबड. मी कधी न केलेलं.

"हे काय आहे?"

बाण त्या चौकटीकडे धावला आणि ती मिटायच्या आधी थबकला.

"ती तुझी प्रत आहे," तो म्हणाला. "सेटिंग करायच्या आधी घेतली होती. काही गेलंच तर असावी म्हणून. घेतात तशी."

"काही गेलंच तर असावी म्हणून घेतलेली आत्ता चालू कशाला?"

पलीकडे काहीच आवाज नाही. भांडी नाहीत, नमस्कार नाही, पाण्याचा नळसुद्धा नाही. माझ्या घरात असते तशी शांतता. ती ओळखायला मला कोणी शिकवावं लागलं नाही.

"सूनबाई कुठे आहे?"

"ती गेली, आई. वेगळी राहते. झाले आता काही महिने."

"कधी?"

"मी ते सेटिंग केलं ना तुझं, त्याच्या आदल्या आठवड्यात." त्याने श्वास घेतला. "तुझ्या डोंगलचं मला माहीत होतं. तू स्वतः खूण काढून टाकतेस ते इथे दिसतं मला. मलाही घाई नव्हती कधी. पण त्या रविवारी... तू चुकून काही विचारलं असतंस तर मला बोलता आलं नसतं. म्हणून म्हटलं, असं करू की तुला फोनच करायला लागू नये."

त्या रविवारी मी त्याला काय म्हणाले होते ते मला शब्द न् शब्द आठवलं. डोंगल दिसत नाही रे, म्हणाले होते. त्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा लागत होता, आणि मी त्याला सांगत होते की खूण कुठे करायची ते काही केल्या माझ्या लक्षात राहत नाही. एवढे रविवार आम्ही बोललो. जगातल्या कुठल्या मायलेकांनी एका डोंगलबद्दल इतकं बोलून ठेवलं नसेल.

काय बोलायचं असतं अशा वेळी? माझ्या आईने मला शिकवलं नाही, ह्यांनी तर नाहीच नाही.

"हे पान तू केलंस?" मी विचारलं.

"हो. तू करायचीस तेव्हा मी शेजारी बसायचो ना. संध्याकाळी चालू करून ठेवतो. घरात कोणीतरी काम करत बसलंय असं वाटतं."

"डोंगल तर माझ्याकडे आहे. सेव्ह कसं केलंस?"

"केलंच नाही. होतच नाही. मी ते बंद करत नाही, नुसतं झोपवतो. उठवलं की असतं. बंद केलं तर पान जाईल."

मी पानाकडे नीट पाहिलं. डोळे पुसून पाहिलं.

"पानाचे टाके असे सरळ आडवे घालतात का रे? दोन्हीकडून मधल्या शिरेकडे तिरके उतरायला हवेत. हे असं शिवलंस तर कापड गोळा होईल."

"शिवायचं कुठे आहे, आई."

"म्हणून काय वाट्टेल तसं करायचं? दे इकडे."

"थांब, ताबा देतो तुला," तो म्हणाला. नाक ओढल्याचा आवाज आला.

मी माउस हलवला आणि त्याच्या घरातला बाण हलला. मी कधी न पाहिलेल्या त्या घरात, कुठल्या टेबलावर, कुठल्या खिडकीशी, मला काही माहीत नव्हतं. एक बाजू उसवली. टाके तिरके केले, शिरेशी आणून टेकवले. दुसरी बाजू घेतली. इकडे टोपीवाल्याचा फोन वाजत होता, त्याला खंड्या हवा होता. वाजू दे म्हटलं. खटपट्याचा श्वास ऐकू येत होता, लहानपणी माझ्या कोपराला टेकून बसायचा तेव्हा यायचा तसा, आधी अडखळत आणि मग हळूहळू सारखा.

"झालं का?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

पान कधीच झालं होतं. मी बाण उगाच एका टाक्यावरून दुसऱ्या टाक्यावर नेत होते.

"नाही अजून," मी म्हणाले. "तू बस तिथेच."